गॅस संपलाय? आधी फिल्टर बघा!

मार्चअखेरची रात्र. ऑफिसातून दमून आले, एसी लावला, आडवी झाले आणि अर्ध्या तासात कपाळावर टप्पकन थेंब! पाचव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पाऊस? वर बघितलं, तर एसी गळत होता. गार वारा तर नावालाच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. पॅनल उघडलं, आत बर्फ दिसला आणि लगेच निकाल लागला. “मॅडम, गॅस कम है.” अडीच हजार रुपये. मे महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा अडीच हजार. जूनच्या तोंडावर तो म्हणाला, “अब नया ले लो.” एसी जेमतेम चार वर्षांचा! तरी मी ईएमआयचं गणित मांडायला बसले होते.

वाचवलं ते आमच्या ठाण्याच्या सोसायटीत येणाऱ्या एका काकांनी. आयुष्यभर एसी-फ्रिज दुरुस्त केलेला माणूस. टूलबॉक्स न उघडताच त्यांनी विचारलं, “ताई, फिल्टर कधी धुतला होतात?”

“फिल्टर? पाण्याचा?”

काका हसले. एसीचं पुढचं झाकण उचलून त्यांनी दोन जाळ्या बाहेर काढल्या. जाळ्या कसल्या, राखाडी गोधड्याच! समोरच्या बांधकामाची सगळी धूळ माझ्या एसीत.

मग चहा घेता घेता माझा क्लास झाला. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी खोलीतली हवा आतल्या गार कॉइलवरून वाहायला हवी. फिल्टर चोंदला की हवा कमी मिळते, कॉइल नको तितकी गार होते आणि हवेतल्या बाष्पाचा तिच्यावर बर्फ धरतो. तो वितळला की पाणी ट्रेबाहेर. खोली काही गार होत नाही, कॉम्प्रेसर मात्र राबत राहतो आणि मीटर पळत राहतो.

गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो, म्हणून तर ‘गॅस कम है’ सहज खपतं. पण एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झालाच, तर कुठेतरी लीक आहे. ते न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं.

काकांनी फिल्टर धुतले, कॉइल साफ केली, मग प्रेशर मोजलं. गॅस व्यवस्थित! “मग दोनदा भरला तो?” “भरताना तुम्ही बघितलंत?” मी गप्प. दोन्ही वेळा मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते.

तुमचे पाच हजार वाचावेत म्हणून, एवढं कराच :

• उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी फिल्टर धुवा. आधी मेन स्विच बंद. साधं पाणी पुरे. सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवा. आतल्या कॉइलला हात नको, तिची पाती नाजूक आणि धारदार असतात.

• उन्हाळ्याआधी एकदा सर्व्हिसिंग. त्यात कॉइलबरोबर ड्रेन पाइपही साफ करून घ्या.

• आऊटडोअर युनिटसमोर कुंड्या, खोकी, वाळत घातलेले कपडे नकोत, गरम हवा मोकळी बाहेर पडू द्या. समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने कॉइल गंजते, तिकडे जास्त लक्ष द्या. आणि सेफ्टी बेल्टशिवाय कुणालाही खिडकीबाहेर उतरवू नका. गारवा कुणाच्या जिवाहून मोठा नाही.

• २४ अंशांवर ठेवा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना हेच डीफॉल्ट सेटिंग सक्तीचं आहे. ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जोडीला पंखा लावा.

• ‘गॅस कमी’ ऐकलं की विचारा, “लीक कुठे आहे?” प्रेशर मोजून दाखवायला सांगा आणि समोर उभे राहा. नव्या एसींमधला आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे माणूस प्रशिक्षितच हवा.

काकांनी घेतले पाचशे रुपये. एसी त्या रात्रीपासून मस्त चालतोय. आता दर दुसऱ्या रविवारी केस धुवायच्या आधी मी फिल्टर धुते. दहा मिनिटं लागतात. केसांना त्याहून जास्त!