‘शाळा’ या शब्दाचे वजन किती?

ऑनलाइन अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आला की संकेतस्थळ अडखळते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. हे टाळण्यासाठी संकेतस्थळाची आधीच ‘भारचाचणी’ घेतात. नवा पूल खुला करण्यापूर्वी त्यावर वजन ठेवून पाहतात, तसाच हा प्रकार. अपाचे जेमीटरसारखी प्रणाली एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांची भूमिका घेते आणि किती बाइट पाठवले (अपलोड) व किती आले (डाउनलोड) याची नोंद ठेवते.

पण चाचणीत कोणता मजकूर पाठवायचा? समजा, ‘स्कूल’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला. त्यात सहा अक्षरे, प्रत्येकाला एक बाइट. म्हणून एकूण ६ बाइट. आता देवनागरीत ‘शाळा’ लिहू. संगणकाच्या दृष्टीने यात चार चिन्हे आहेत : श, काना, ळ, काना. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे झाले १२ बाइट.

गंमत पुढेच आहे. साधा अर्ज पाठवताना ब्राउझर यातील प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन अंक वा अक्षरे अशा रूपात लिहितो. एका बाइटचे तीन झाले! ‘शाळा’ आता ३६ बाइटची होते. (छायाचित्र जोडलेला अर्ज वेगळ्या पद्धतीने जातो, त्यात ही तिप्पट वाढ होत नाही.)

याचा परिणाम पाहू. अर्जात २००० चिन्हे आहेत आणि सेकंदाला १००० अर्ज येतात, असे धरू. रोमन मजकुराचे २० लाख बाइट होतील, म्हणजे १६ मेगाबिट. देवनागरीचे होतील १ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे १४४ मेगाबिट. जोडणीची क्षमता सेकंदाला १०० मेगाबिट असेल, तर रोमन मजकुराने घेतलेल्या चाचणीत संकेतस्थळ सहज उत्तीर्ण होईल आणि प्रत्यक्षात मराठी अर्ज येताच कोलमडेल.

डाउनलोडमध्ये नेमके उलटे घडू शकते. सर्व्हर बहुधा पान दाबून, म्हणजे संक्षिप्त करून पाठवतो. देवनागरी मजकुरात तेच ते बाइट पुन्हा पुन्हा येत असल्याने तो चांगला दबतो. म्हणून नोंदलेला आकडा दाबलेल्या पानाचा आहे की उलगडलेल्या, हे आधी पाहावे. तारेवरचा भार ठरतो तो दाबलेल्या आकारावरून.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या नावातील चिन्हे मोजायला सांगा. काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरायची. जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. आलेल्या संख्येला ३ ने आणि नंतर ९ ने गुणा. ‘राम’ ९ बाइटचा, अर्जातून जाताना २७ चा. मग विचारा : चाचणीत कोणाचे नाव घालावे? खरा अर्ज भरणाऱ्याचे, हे उत्तर मुलेच देतील.