कॉकाटीलचं पिल्लू घरी आणलंय? आधी वाटीतली फोलपटं फुंकून बघा

कॉकाटीलचं पिल्लू नव्या घरात आलं की घाबरून कमी खातं. दुकानात खात होतं तेच दाणे सुरुवातीला द्या. वाटी भरलेली दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. हा पक्षी दाणा सोलून फोलपट वाटीतच टाकतो. रोज फुंकर मारून खाली दाणे उरलेत का ते बघा. दिवसभर काहीच खाल्लं नाही, पिसं फुगवून बसलं, तर लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पक्षी आजार लपवतात. हातावर घ्यायची घाई नको, जवळ बसून नुसतं बोला. पिंजरा भिंतीलगत ठेवा, स्वयंपाकघरात नकोच. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूनं पक्षी दगावतो. बाहेर सोडताना पंखा बंद. आणि हो, आपला हिरवा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.