सत्तरी ओलांडलेल्यांचं ५ लाखांचं कार्ड: काय मिळतं, काय नाही?

घरात कुणी ७० वर्षांचं किंवा त्याहून मोठं आहे? मग उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढता येतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. वय आधारवरून ठरतं.

काय मिळतं?
योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. मात्र आजी-आजोबा दोघं असतील, तर ५ लाख दोघांत मिळून.

काय नाही?
ओपीडी. म्हणजे बीपी-शुगरच्या दरमहाच्या गोळ्या खिशातूनच. म्हातारपणी न चुकणारा खर्च तर हाच! त्यासाठी सरकारी दवाखाना किंवा जनऔषधी केंद्र गाठा.

कार्ड मात्र आजच काढून ठेवा. ऐनवेळी धावपळ नको.