प्रयोगशाळेच्या दारात थांबणारे प्रमाणपत्र

जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे एक संकुल आज कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये आहे. वनस्पतीच्या आत जे घडते ते डोळ्यांना दिसत नसले तरी मोजता येते, हे दाखवण्यात बोस यांनी आयुष्य वेचले. सॉल्ट लेकमध्ये बसून सोलापूरच्या डाळिंबाविषयी लिहिताना मला हाच धडा आठवतो.

रोगमुक्तीच्या भरवशावर शेतकरी ऊतिसंवर्धित रोपाला जास्त पैसे मोजतो. परंतु फळझाडांचा मातृवृक्ष वर्षानुवर्षे उघड्यावर वाढलेला असतो. त्याच्या फांदीचा तुकडा सोडियम हायपोक्लोराइटने धुतला की बाहेरचे जंतू मरतात. ऊतींच्या आत दडलेले जिवाणू वाचतात. काही तर अनेक संवर्धनफेऱ्यांपर्यंत दिसतच नाहीत. तोवर एका तुकड्याची हजारो रोपे झालेली असतात. प्रतिजैविकांनी ते बहुधा दबतात, नष्ट होत नाहीत. हे सारेच जिवाणू रोगकारक नसतात, हे खरे. पण ते कोणते, हे चाचणीशिवाय कळत नाही.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये अशा रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था उभी केली. १९६६ च्या बियाणे कायद्याखालील तिचा अधिकार प्रयोगशाळेच्या पातळीपर्यंतच आहे आणि तिचा मुख्य भर विषाणूमुक्ती व आनुवंशिक एकसारखेपणा यांवर आहे. बाटलीतले कोवळे रोप मात्र त्यानंतर कित्येक आठवडे रोपवाटिकेत कणखर केले जाते. तेथे माती, पाणी आणि शेजारच्या बागेतून नवा संसर्ग होऊ शकतो.

केळीच्या लागवडीतील चूक पुढच्या लागवडीत सुधारता येते. डाळिंबाची बाग अनेक वर्षांसाठी लावलेली असते. झँथोमोनास जिवाणूमुळे होणारा ‘तेल्या’ रोगट रोपांतून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. तो बागेत शिरला की त्याला हटवणे फार कठीण. सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही, जबाबदारी निश्चित करण्याची आहे.

माझ्या मते तीन गोष्टी बंधनकारक हव्यात: मातृवृक्षाची नोंद, गुणन सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मूळ संवर्धनाची जिवाणूचाचणी आणि विक्रीपूर्वी रोपवाटिकेतील तपासणी. विक्रीच्या पावतीवर रोपांच्या तुकडीचा क्रमांक असावा, म्हणजे दोष कोठे शिरला हे शोधता येईल. यामुळे रोप थोडे महागेल. आज मात्र तपासणीतील बचतीची किंमत कर्ज काढून बाग लावणारा शेतकरी चुकवतो.