नक्कल पूर्ण झाली. पण माल सलामत पोचला का?

व्यापारी बंधूंनो, ट्रान्सपोर्टने गाठी आल्या की आपण काय करतो? बिल्टी पाहतो, नग मोजतो, एखादी गाठ फोडून तागा तपासतो आणि मगच सही करतो. कागदावर ‘५० नग’ लिहिले आहेत म्हणून कोणी डोळे मिटून सही ठोकत नाही. पण हाच व्यापारी कॉम्प्युटरसमोर बसला की पडद्यावरची पट्टी १०० टक्क्यांवर पोचली एवढ्यावरच तसल्ली मानतो. मीही मानली होती. त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून हा लेख.

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. लायसन्सचा खर्च नाही, म्हणून तो घेतला आणि त्याबद्दल आजही पस्तावा नाही. लग्नसराईच्या आधी बारा वर्षांची छपाईची डिझाइने, सुमारे ३०० जीबी, जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या डिस्कवर घेतली. चार-पाच फाइली उघडून पाहिल्या, ठीक होत्या. जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावली. पंधरा दिवसांनी सुरतेहून छपाईवाल्याचा फोन आला, ‘‘सेठ, दुपट्ट्याच्या फाइलीत मधोमध रंगीत आडवा पट्टा आहे. असाच छापायचा का?’’

तपासले तर कितीतरी मोठ्या फाइली बिघडलेल्या. दोष नव्या डिस्कवर ठेवला आणि दुकानदाराशी हुज्जत घालून ती बदलून घेतली. कॉम्प्युटरमधल्या इतर मोठ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर टाकून पाहिल्या, तिथेही तेच. तिसरी डिस्क वेगळ्या कंपनीची आणली, तरी तेच. शेवटी भाच्याला बोलावले. तो कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. सगळे ऐकून तो म्हणाला, ‘‘मामू, तीन डिस्क एकापाठोपाठ एक खोट्या निघतील का? तिन्ही वेळा कॉम्प्युटर मात्र एकच होता.’’

कसूर रॅमचा निघाला.

मोठ्याच फाइली का बिघडतात?

लिनक्स रिकामी रॅम पडून ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेला आणि डिस्कवर लिहायचा डेटा तो आधी रॅममध्ये घेतो आणि मग खाली उतरवतो. बिले, पत्रे अशा रोजच्या कामाला थोडी रॅम पुरते. ३०० जीबीची नक्कल सुरू झाली की जवळजवळ सगळी रॅम भरते. मग जो खराब कोपरा महिनोन्महिने वापरातच आला नव्हता, तोही वापरात येतो. तिथून जाताना एखाद्या ० चा १ होतो. साध्या रॅमला ही चूक कळत नाही. चूक पकडणारी ईसीसी रॅम बहुतेक सर्व्हरमध्येच असते. त्यामुळे पडद्यावर एका शब्दाची तक्रार येत नाही. डिझाइनची फाइल कॉम्प्रेस करून ठेवलेली असेल, तर एका आकड्याची चूक पुढचा पूर्ण पट्टा बिघडवते. माझ्या दुपट्ट्याचे हेच झाले होते.

याच रॅमच्या सवयीमुळे दुसरा धोकाही संभवतो. पट्टी पूर्ण झाली तरी शेवटचा माल अजून रॅममध्येच असू शकतो. त्या क्षणी पेनड्राइव्ह उपटला, तर तेवढा माल रस्त्यातच राहिला. म्हणून ‘इजेक्ट’ दाबा आणि काढण्याची परवानगी मिळेपर्यंत थांबा. मोठ्या फाइलीनंतर यात काही मिनिटेही जातात. सबुरी ठेवा.

तपासणी ह्या क्रमाने करा

पहिले काम, हात थांबवा. बिघाड दिसताच फॉरमॅट करू नका, त्या डिस्कवर नवे काही लिहू नका आणि मूळ फाइली पुसू नका. दुरुस्तीची ‘एफएससीके’ ही आज्ञा चालू, म्हणजे माउंट केलेल्या, डिस्कवर कधीच चालवू नये. त्याने उरलेलेही जाते.

दुसरे, असल आणि नक्कल यांचा मुकाबला करा. लिनक्समध्ये ‘शा२५६सम’ नावाची आज्ञा असते. ती फाइल वाचून ६४ अक्षरांचा एक शिक्का काढते. फाइलीत एक ठिपका बदलला तरी शिक्का पूर्ण बदलतो. दोन्हींचा शिक्का एकच आला तर माल बरोबर पोचला. मात्र नक्कल झाल्यावर डिस्क इजेक्ट करून, काढून, पुन्हा लावा आणि मगच शिक्का काढा. नाहीतर लिनक्स रॅममधल्या प्रतीवरूनच उत्तर देईल आणि डिस्कवर काय उतरले ते कळणार नाही. एकाच फाइलीचा शिक्का दर वेळी वेगळा येऊ लागला, तर डिस्कआधी रॅमवर आणि केबलवर संशय घ्या.

तिसरे, सिस्टिमची नोंदवही वाचा. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की कर्नलने लिहिलेल्या नोंदी दिसतात. तिथे ‘आय-ओ एरर’ किंवा यूएसबी ‘रीसेट’ असे शब्द पुन्हा पुन्हा आले, तर रस्त्यात कुठेतरी जोडणी तुटते आहे.

चौथे, डिस्कची स्वतःची तब्येत पाहा. उबुंटूतल्या ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट डेटा’ असा भाग असतो. तिथे सहसा ५, १९७ आणि १९९ ह्या क्रमांकांच्या ओळी सापडतात. ५ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा आणि १९७ म्हणजे वाचता न येणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या जागा. ह्या दोन्ही वाढत असतील तर डिस्क जाणार असे समजा. पण ह्या दोन्ही शून्य आणि फक्त १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. थोड्या पैशांची केबल बदला आणि डिस्क वाचवा.

पाचवे, वीज. यूएसबी २ चे पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपिअर देते. जुन्या हबमध्ये दोन डिस्क लावल्या तर दोघींचीही उपासमार होते. डिस्क थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावून पाहा.

सहावे, रॅम. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम भरवशाची नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून तपासा. आमच्याकडे दोनपैकी एकच खराब होती.

डिस्कच खोटी असेल तर

कधी कधी माल खरोखरच खोटा असतो. वर २ टीबी छापलेला स्वस्त पेनड्राइव्ह आत ३२ जीबीचाही निघतो. तेवढे भरेपर्यंत सगळे सुरळीत, पुढचे गेले हवेत. लिनक्सवरचा ‘एफ३’ प्रोग्रॅम पूर्ण जागा भरून, परत वाचून खरे माप सांगतो. रिकाम्या पेनड्राइव्हवरच चालवा. डिस्क मरायला लागली असेल तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने जमेल तेवढी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करा.

लिनक्सचाच दोष असतो का? क्वचित असतो. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नलच्या ६.१.६४ ह्या आवृत्तीत ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचा डेटा बिघडवणारी चूक सापडली. त्यामुळे डेबियनने १२.३ चे प्रकाशन रोखले आणि दुरुस्त करून १२.४ दिले. म्हणून अपडेट घेत राहा. पण पहिला संशय केबल, वीज आणि रॅमवरच घ्या.

आमचे काय झाले? काही डिझाइने डिझायनरकडे सापडली, काही जुन्या ई-मेलमधून काढली, बाकीची पुन्हा बनवावी लागली. दुपट्ट्याच्या ऑर्डरची तारीख हुकली ती हुकलीच. आता दुकानात नियम आहे. प्रत्येक फाइलीच्या दोन नकला, त्यातली एक घरी. आणि शिक्का जुळल्याशिवाय असल पुसायचा नाही, मग घाई कितीही असो.

गाठी मोजून घेणाऱ्या आपल्या लोकांना ही सवय अवघड नाही. मोजायची वस्तू तेवढी नवी आहे.