वारा, सायकल आणि यश

निकाल लागला की महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. उत्तीर्ण झालेला म्हणतो, "मेहनत केली, फळ मिळाले." नापास झालेला म्हणतो, "नशिबातच नव्हते." गंमत अशी, की हाच विद्यार्थी पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला म्हणजे तोही मेहनतीचेच नाव घेतो. यशाच्या वेळी नशीब रजेवर असते आणि अपयशाच्या वेळी नेमके हजर होते. असे का व्हावे? या प्रश्नाचा थोडाफार उलगडा मला सायकलवर झाला. तोच येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

गेली दोन वर्षे आम्ही चार मित्र रविवारी, किंवा लागून सुट्ट्या आल्या की, सायकली काढून चांदूर बाजारच्या बाहेर पडतो. सहल म्हटली की चिखलदरा आणि भाड्याची गाडी, असे समीकरण आपल्याकडे बसलेले आहे. आमच्या सहलीला खर्च येतो तो चहाचा, भज्यांचा आणि क्वचित पंक्चरचा. कधी शिरजगाव कसब्यावरून बहिरमकडे जावे. हिवाळ्यात यात्रा भरली असेल तर हंडीचा आणि रोडग्यांचा वास आधीच सामोरा येतो. कधी गुलाबराव महाराजांच्या माधानला जावे. कधी सरळ पश्चिमेला अचलपूर गाठावे. सायकलचा वेग मोठा सोयीचा आहे. अंतरही कापले जाते आणि वाटेतले शेत, विहीर, माणूस हेही नजरेतून सुटत नाही.

मात्र सायकलस्वाराला एक गोष्ट कळते, ती मोटारीत बसणाऱ्याला कळत नाही. ती म्हणजे वारा.

आषाढात पश्चिमेचा वारा सुटलेला असताना अचलपूरकडे निघून पाहा. समजा, आपण ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललो आहोत आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आहे. म्हणजे अंगावर येणारी हवा ताशी २५ ची झाली. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणून अंगावरची हवा ताशी फक्त ५ ची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण शाळेत शिकलो नसलो तरी मांड्यांना ठाऊक असते. २५ चा वर्ग ६२५, वारा पडलेला असताना १५ चा वर्ग २२५, आणि ५ चा वर्ग २५. म्हणजे हवेचा विरोध २५, ९ आणि १ या प्रमाणात झाला. रस्ता तोच, सायकल तीच, माणूस तोच. तरी जाताना हवेशी पंचवीसपट झगडा.

आता यातली खरी मौज पाहा. वारा समोरून असला की तो कानात घोंघावतो, डोळ्यांत धूळ घालतो, टोपी उडवतो. तोच पाठीशी आला की नाहीसा होतो. कारण आपण वाऱ्यापेक्षा पुढे धावत असतो, म्हणून तोंडावर झुळूक लागते ती समोरूनच! पाठून कुणी ढकलते आहे, याचा पुरावा अंगाला मिळतच नाही. स्वाराला वाटते, आज पाय मोठे जोरात आहेत. बहिरमच्या रस्त्याचेही तसेच आहे. सातपुड्याकडे जमीन हळूहळू चढत जाते. डोळ्यांना ती सपाट दिसते. जाताना दम लागला तर आपण रस्त्याला दोष देतो आणि येताना सायकल आपोआप धावली तर श्रेय स्वतःला घेतो. वाटेतल्या एका टपरीवर आमची वाऱ्याविषयीची कुरकुर ऐकून एक म्हातारे बाबा म्हणाले होते, "पोरंहो, जातानी वाऱ्याले शिव्या देता, येतानी त्याले कोनी राम राम बी करत नाही!"

बाबांनी एका वाक्यात सांगितले, तेच शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत २०१६ साली प्रयोगांनी दाखवले. माणसाला आयुष्यातले समोरचे वारे पक्के आठवतात आणि पाठीचे विसरतात. थोरल्या भावंडांना वाटते, आईवडील आमच्याशीच कडक वागले. धाकट्यांना ते तितकेसे पटत नाही. अडथळा पार करायचा असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष द्यावेच लागते. सवलतीकडे लक्ष देण्याची गरजच पडत नाही. यात लबाडी नाही, मनाची ठेवणच तशी आहे. पण परिणाम गंभीर होतो. प्रत्येक यशस्वी माणूस आपण वाऱ्याविरुद्धच आलो असे प्रामाणिकपणे समजतो, आणि मागे राहिलेल्याने पायच मारले नाहीत असे ठरवतो.

आपल्या तालुक्यात तरी हा समज टिकू नये. येथील संत्र्याचा बागाईतदार वर्षभर राबतो. मृग बहर धरायचा तर उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडून ताण द्यायचा आणि जूनच्या पावसाची वाट पाहायची. ताण देणे त्याच्या हातात. पाऊस वेळेवर येणे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर मृगाचे तयार फळ आणि आंबियाचा नवा बहर, दोन्ही एका तासात जमिनीवर येतात. गारांचा पट्टा अरुंद असतो. नाल्याच्या अलीकडची बाग झोडपली जाते, पलीकडची वाचते. दोन्हीकडे खत तेच आणि घाम तोच. तसेच नैर्ऋत्येला दर्यापूर-भातकुलीकडे जावे तर बागा विरळ होत जातात, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. तेथे विहीर खोदली तरी पाणी खारे. तेथल्या शेतकऱ्याचा मुलगा आमच्यापेक्षा कमी कष्टाळू आहे काय? तो फक्त काही कोस पलीकडे जन्मला.

खुद्द माधानचे उदाहरण घ्या. १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना केल्या. प्रज्ञा त्यांचीच, यात शंका नाही. पण ज्यांनी त्यांना ग्रंथ वाचून दाखवले आणि त्यांचे बोल कागदावर उतरवून घेतले, त्यांच्यावाचून ही प्रज्ञा आपल्यापर्यंत कशी पोहोचली असती?

यावर कोणी म्हणेल, मग मेहनतीला किंमतच नाही का? आहे, आणि फार मोठी आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,९०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. असे धैर्य नशिबाने येत नाही. तथापि बारा दिवसांची मुदत संपायला तेव्हा काही तासच उरले होते. वाटेतल्या मैदानांत आणखी एक दिवस वादळी वारा समोर उभा राहिला असता तर मेहनत तितकीच राहिली असती आणि निकाल कदाचित बदलला असता.

स्पर्धा जितकी मोठी, तितका हा शेवटचा अंश निर्णायक ठरतो. रॉबर्ट फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने यशातील नशिबाच्या वाट्याविषयी २०१६ साली एक पुस्तक लिहिले. २००७ साली टेनिस खेळताना त्याचे हृदय बंद पडले. योगायोगाने रुग्णवाहिका जवळच होती, म्हणून तो वाचला. त्याने संगणकावर एक लाख स्पर्धकांची काल्पनिक स्पर्धा पुन्हा पुन्हा घेतली. गुणवत्ता आणि मेहनत यांना ९८ टक्के आणि नशिबाला अवघे २ टक्के वजन दिले. तरीही चारांपैकी तीनहून अधिक वेळा जिंकणारा सर्वांत गुणवान नव्हता! कारण उघड आहे. लाखभर स्पर्धकांत उत्तम तयारीचे अनेक असतात. त्यांच्यात निवड होते ती उरलेल्या दोन टक्क्यांवर. लोकसेवा आयोगाच्या किंवा पोलीस भरतीच्या यादीत एका गुणाने राहिलेल्या मित्राला 'आळशी' म्हणण्यापूर्वी हे गणित आठवावे.

मग हातावर हात ठेवून 'दे रे हरी पलंगावरी' म्हणत बसावे काय? मुळीच नाही. सायकलस्वार वाऱ्याला थांबवू शकत नाही, पण तो पहाटे निघू शकतो. तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. तो पिशवीत पंप आणि पंक्चरचे सामान ठेवू शकतो. तयारीने नशिबाचा घाव हलका होतो. आणि तिसरा उपाय सर्वांत चांगला: एकामागे एक चालणे. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम वाचतात. शर्यतीच्या वेगात सुमारे पाव हिस्सा, आमच्या वेगाला त्याहून कमी, पण जाणवण्याइतके. पुढचा थकला की मागे येतो आणि दुसरा वारा अंगावर घेतो. नशिबावर माणसाने शोधलेले खरे उत्तर हेच आहे, असे मला वाटते. शिष्यवृत्ती, मुलींना एस.टी.चा मोफत पास, गावातले वाचनालय, वेळ देऊन शिकवणारे प्राध्यापक, ही सारी कुणीतरी आपल्यापुढे घेतलेली पाळीच होय.

आमच्या चौघांतला एक यंदा आमच्याबरोबर नाही. घरची बाग एका पट्ट्यात सापडली आणि त्याला महाविद्यालय सोडून पुण्याला कंपनीत कामाला जावे लागले. "त्याचे अभ्यासात लक्षच नव्हते," असे काहींनी सहज म्हणून टाकले. आम्हाला ठाऊक आहे की अचलपूरच्या रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ पुढे राहून वारा घेणारा तोच होता. त्याने आता मुक्त विद्यापीठात नाव नोंदवले आहे. नोट्स काढून पाठवायच्या आहेत, आणि यंदा पाळी आमची आहे.