कबरींनी राखलेलं रान

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या वेस्टमिन्स्टर या छोट्या गावी डॉ. बिली कॅम्पबेल आणि त्यांच्या पत्नी किम्बर्ली यांनी १९९८ साली ओढ्याकाठच्या जंगलात दफनभूमी सुरू केली. तिचं नाव रॅमसी क्रीक. थडग्यांच्या रांगा तिथे नाहीत. झाडांतून पायवाट जाते आणि अधूनमधून नाव कोरलेला साधा दगड दिसतो.

तिकडची रूढ पद्धत अगदी वेगळी आहे. देहात फॉर्मल्डिहाइडचं द्रावण भरतात, भारी शवपेटीत ठेवतात आणि ती पेटी जमिनीतल्या काँक्रीटच्या कप्प्यात उतरवतात. रसायनं भरून देह टिकवण्याची रीत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पसरली, कारण दूरवर पडलेल्या सैनिकांना घरी पोहोचवायचं होतं. ती निकड सरली, तरी रीत राहिली.

रॅमसी क्रीकमध्ये सुती कापड किंवा साधी लाकडी पेटी पुरते. खड्डाही फार खोल नसतो, कारण जिवाणू, बुरशी आणि मुळं यांचा वावर मातीच्या वरच्या थरांतच जास्त असतो. उकरलेली सगळी माती कबरीवर उंच रचतात. ती हळूहळू दबते आणि तिच्यावर तिथल्याच रानातली रोपं वाढतात.

देहाचं झाड होतं, ही कल्पना मनाला भिडते. पण एका देहाने जमिनीला कितीसं पोषण मिळणार? खरं काम पैसा आणि कायदा करतात. दफनाच्या शुल्कातून परक्या वेली उपटल्या जातात, स्थानिक झाडं लावली जातात. शिवाय जमिनीवर कायमचा संवर्धन करार असतो: मालक बदलला तरी तिथे इमारती उठवता येत नाहीत, आणि करार पाळला जातो की नाही यावर भूसंवर्धन संस्था लक्ष ठेवते. त्यात आपली माणसं जिथे विसावली, त्या जमिनीसाठी घरचे लोकही उभे राहतात.

मृतांच्या हक्काने रान कसं टिकतं, ते मुंबईतही दिसतं. मलबार हिलवर पारशी समाजाच्या डुंगरवाडीत दफन होत नाही, तिथे दोखमे आहेत, म्हणजे देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याचे गोल बुरूज. डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने गिधाडं जवळपास संपली, अंत्यविधीच अडचणीत आला. तरीही देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एकीवर ती झाडी उभी आहे.

रानातल्या दफनात धोकाही आहे. कबरी दाटल्या की मुळं तुटतात, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते रानच विस्कटतं. म्हणून एकरी दफनं कमी ठेवावी लागतात आणि दुर्मीळ वनस्पती असतील तिथे खणणं टाळावं लागतं. माझ्या मते, धडधाकट जंगलापेक्षा थकलेली शेतं या कामाला अधिक योग्य. ओहायोत वाइल्डरनेस सेंटरने २००८ साली सुरू केलेल्या फॉक्सफील्डमध्ये नेमकं तेच चाललं आहे: जिथे पूर्वी नांगर फिरायचा, तिथे आता प्रेअरीचं उंच गवत आणि रानफुलं परत आणली जात आहेत.